वॉरंटीबाहेरची हवा

एव्हारिस्तो ओरोस्कोला फोनवर बोलता यायचं नाही. तोंडाला कुलूप होतं अशातला भाग नाही. अख्ख्या अबाहो वस्तीत त्याच्याइतका वाचाळ माणूस शोधून सापडला नसता. उभा जन्म त्याने बारान्कीया शहराची बस चालवली आणि चालवता चालवता, मागच्या दाराला लटकलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, महापौरापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची सालटी काढली. पण कानाला फोन लावला की त्याचा मठ्ठ खांब व्हायचा. मुलगा दाइरो चिलेत, आन्तोफागास्ताच्या खाणीवर कामाला गेल्यापासून बायको, येनिस, रोज पोराशी पोटभर बोलायची आणि शेवटी फोन नवऱ्याच्या हातात कोंबायची. मग बापलेकांचा संवाद असा व्हायचा: जेवलास? जेवलो. थंडी आहे? आहे. बरं, आईकडे देतो.

"बाप आहेस की हवालदार?" येनिस फोन हिसकावून घेताना म्हणायची.

यावर इलाज निघाला तो दाइरोने धाडलेल्या खेळाच्या मशीनमुळे. टाल्मोरा कंपनीचं ते काळं, चपटं कन्सोल पोराने पहिल्या बऱ्या पगारातून घेऊन दिलं होतं. तसंच एक त्याच्या खोलीवर होतं. रविवारी दुपारचं जेवण झालं की दोघं आपापल्या देशात टीव्हीसमोर बसायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि शर्यतीच्या गाड्या काढायचे. आणि गंमत अशी, की रस्त्यावर डोळे लागले की एव्हारिस्तोची जीभ सुटायची. त्याचं काय चुकलं? पोराशी तो आयुष्यभर असाच बोलत आला होता. शाळा सुटली की दाइरो बसमध्ये इंजिनाच्या झाकणावर येऊन बसायचा, बाप समोर बघत गाडी हाकायचा, आणि एकमेकांचं तोंड न बघता दोघं जगातलं सगळं बोलून घ्यायचे. आता रविवारी पोरगा पुन्हा झाकणावर येऊन बसायचा, एवढंच. घरमालक कसा चिक्कू आहे, पेरूचा स्वयंपाकी मासे कसे आंबट करून ठेवतो, सगळं एव्हारिस्तोला वळणावळणावर कळत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी, ऐन वळणावर, पडदा काळा झाला. मशीनला एक लाल दिवा लागला, करपल्यासारखा वास आला, आणि आतला पंखा एक उसासा टाकून गप्प झाला. हेडफोन कानावर तसाच ठेवून एव्हारिस्तो बराच वेळ "पोरा, ऐकू येतंय का" विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी मशीन टॉवेलात गुंडाळून तो उत्तरेकडच्या मॉलमधल्या टाल्मोराच्या दुरुस्ती केंद्रात गेला. तिथे बाकांवर बसलेले बहुतेक सगळे असेच मांडीवर टॉवेलातलं गाठोडं घेऊन बसले होते. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटत होतं. काउंटरवर कारोल नावाची पोरसवदा मुलगी होती. तिने मशीनचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवलं. तो कागदी ठिपका कारखान्यातून पांढरा निघतो आणि ओलावा लागला की गुलाबी होतो, असं तिने सांगितलं. हा गुलाबी होता. म्हणजे मशीनमध्ये ओलावा गेला, म्हणजे वॉरंटी संपली.

एव्हारिस्तो म्हणाला की त्यावर कुणी पाणी सांडलेलं नाही. कारोलने मान डोलावली. पाणी सांडावं लागत नाही म्हणाली.

"मशीन ठेवलं कुठे होतं, काका?"

"घरात."

"घर कुठे?"

"बारान्कीयात. अजून कुठे?"

"मग तेच," ती म्हणाली आणि तिने झाकण पुन्हा लावलं.

आता बारान्कीयाची हवा कशी असते हे कुणी बारान्कीयावाल्याला सांगायला नको. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माग्दालेना नदी, वर सूर्य. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकल्याशिवाय मीठ पडत नाही, बिस्किटाचा पुडा फोडला की बंद करायच्या आत मऊ पडतो. एव्हारिस्तोने शेजारच्या दुकानाकडे हात केला. तिथे ह्याच कंपनीची नवीकोरी खोकी छतापर्यंत रचलेली होती. विकताना ही हवा चालते का, असं त्याने विचारलं. विक्री हा वेगळा विभाग आहे, असं कारोल म्हणाली, आणि म्हणताना तिने खाली पाहिलं.

मग सुरू झाला फोनचा जाच. तक्रारीचा नंबर बोगोतात लागायचा. आधी पियानो, मग पुन्हा पियानो, मग डोंगरातल्या थंड राजधानीचा तो गोड, इस्त्री केलेला आवाज. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपली गैरसोय आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपण मशीन कोरड्या प्रदेशात वापरून पाहिलं का? फोनवर बोलता न येणारा माणूस तो, त्याला रोज त्या आवाजाशी बोलावं लागत होतं. दाराला धडक देऊन थकलेल्या बैलासारखा तो फोन ठेवायचा आणि पायरीवरच्या झुलत्या खुर्चीत जाऊन बसायचा.

"दाइरो म्हणतो दुसरं पाठवतो," एकदा येनिस म्हणाली.

"त्याला म्हणावं खबरदार. तिकडे राबून ह्या चोरांची घरं भरतोय होय?"

"मग रविवारी बोल त्याच्याशी फोनवर."

तो बोलला. जेवलास? जेवलो. थंडी आहे? बरं, आईकडे देतो. येनिसने फोन घेतला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला स्वतःचाच राग आला. पण स्वतःचा राग किती वेळ करणार? तो फिरून कंपनीकडे वळला. शेजारच्या घरात त्याच कंपनीचं एक मशीन अजून जिवंत होतं. तिथे जाऊन त्याने एक रविवार खेळून पाहिला. पण त्याला बघायला सगळी आळी गोळा झाली आणि इतक्या लोकांसमोर पोराला काय विचारणार? हेडफोन काढून तो परत आला.

तोवर सगळ्या किनाऱ्यावरून तक्रारी यायला लागल्या होत्या. आणि मग टाल्मोराचा देशप्रमुख माउरिसिओ उमान्या टीव्हीवर आला. बोगोताचा माणूस, गळ्यात बारीक लोकरीचा मफलर. मुलाखत घेणारीने विचारलं, किनाऱ्यावरच्या ग्राहकांना तुम्ही काय सांगाल? उमान्याने बोटं जुळवली, हसला आणि म्हणाला, "आमचं मशीन सगळ्या जगासाठी बनवलेलं आहे, बाईसाहेब. पण जगातल्या काही जागा आमच्या मशीनसाठी बनलेल्या नाहीत."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. आणि म्हटलं कुणाला, तर नाताळ सरला की कंबर हलवायला लागणाऱ्या आणि कार्निव्हल संपेपर्यंत न थांबणाऱ्या शहराला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या पुढच्या काचेवर गुलाबी कागदाचा गोल ठिपका चिकटलेला दिसला. दुपारी अंडं भरलेल्या मक्याच्या आरेपा तळणाऱ्या बाईच्या कपाळावर दिसला. विचारलं तर म्हणाली, "मी वॉरंटीबाहेर आहे बाळा, जपून खा." आठवडा संपायच्या आत शहराने ठिपके लावले. नवरीने लावला, पाद्र्याने लावला, गाढवाला लावला. टाल्मोराच्या दुकानात विक्रेते माश्या मारत बसले. एक माणूस नवं खोकं घेऊन बाहेर पडला तेव्हा मॉलमधल्या लोकांनी त्याच्या पाठीवर इतके ठिपके चिकटवले, की तो खोकं परत करून आला. कंपनीने पत्रक काढलं की या तुरळक तक्रारी आहेत. त्यावर लोकांना आणखी चेव चढला.

अशा वेळी एव्हारिस्तो हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. कार्निव्हलमध्ये दरवर्षी त्याचा लेतानीचा संच असायचा. जुन्या चादरी पांघरून झालेले पाच-सहा साधू, पुढे एव्हारिस्तो ओळ टाकणार, मागून बाकीचे एकसुरात उत्तर देणार, चर्चमधल्या प्रार्थनेसारखं, फक्त देवाच्या जागी वर्षभरात ज्याने लोकांना छळलं तो. उत्तर देणाऱ्यांचा म्होरक्या होता न्हावी फुल्हेन्सिओ. दाइरोसुद्धा लहानपणी उशीचा अभ्रा डोक्यावर घालून त्या कोरसात उभा राहायचा आणि सगळ्यांच्या आधी ओरडायचा. यंदा कुणावर लिहायचं याची चर्चाच झाली नाही.

सोमवारी संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. एव्हारिस्तोने बसवाला आवाज काढला.

"बोगोताचे साहेब आले, गळ्यामध्ये मफलर ल्याले, पाय ठेवताच घामात न्हाले…"

"इथली हवा मानवत नाही!" फुल्हेन्सिओ आणि मंडळी हात जोडून म्हणाली.

"पैसे घेता दमट नव्हती, बिल फाडता खारट नव्हती, बिघडताच कशी हो म्हणती…"

"इथली हवा मानवत नाही!"

"नाचता येईना, अंगण वाकडं, यंत्र चालेना, शहर वाकडं, देवा, साहेबाला ने तुझ्याकडं…"

तिसऱ्या वेळी उत्तर साधूंनी नाही, अख्ख्या चौकाने दिलं. गर्दीत पुढेच एक मुलगी गालावर गुलाबी ठिपका लावून ओरडत होती. ती कारोल होती. एव्हारिस्तोशी नजरानजर झाली तेव्हा तिने ठिपक्यावर हात ठेवला, पण ओरडायची थांबली नाही.

एवढ्यावर थांबला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मंगळवार बाकी होता. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी होसेलितो, म्हणजे माणसाच्या रूपातला कार्निव्हलच, मरतो आणि त्याची प्रेतयात्रा निघते. खाऊन, पिऊन, नाचून मेलेला होसेलितो तिरडीवर, आणि मागे काळ्या झग्यातल्या त्याच्या विधवा, म्हणजे मिशीवाले बाप्ये, पोटाशी उशा बांधून, छाती पिटत. ह्या वर्षी होसेलितोच्या जागी मशीन झोपवायचं ठरलं. फुल्हेन्सिओ म्हणाला की बुटाचं खोकं काळं रंगवू, काम भागेल. एव्हारिस्तोला ते पटेना. मयताच्या जागी पुठ्ठा ठेवला तर रडणार कोण? खरं प्रेत आहे की घरात.

"ते पोराने पाठवलंय," येनिस म्हणाली. ती त्याच्यासाठी स्वतःचा काळा झगा मोठा करत बसली होती.

"मेलंय ते."

"मेलं असलं तरी पोराने पाठवलंय."

त्याने ऐकल्यासारखं केलं नाही. मशीन फुलांत घालून तिरडीवर गेलं. काय ती यात्रा निघाली! एव्हारिस्तोने छाती पिटून असा टाहो फोडला, की टीव्हीवाल्यांनी कॅमेरे त्याच्यावरच रोखले. "अगं बाई, मला वचन देऊन गेला गं, वॉरंटीचं वचन!" असं म्हणून तो उशीच्या पोटावर हात फिरवायचा आणि रस्ता हसून लोळायचा. मॉलपर्यंत जायचा बेत होता, पण तिथे शटर ओढून पहारेकरी उभे असल्याचं कळलं, म्हणून यात्रा नदीकडे वळली. काठावर कुणीतरी ओरडलं, पाण्यात टाका. मग सगळेच ओरडायला लागले.

आता होसेलितोला कुणी खरोखर पुरत नाही. त्याला खांद्यावरून घरी आणतात, कारण पुढल्या वर्षी त्याला पुन्हा उठायचं असतं. हे एव्हारिस्तोला बारशापासून ठाऊक होतं. पण पोटात रम होती, कानांत टाळ्या होत्या, आणि जानेवारीपासून गिळलेला तो सगळा पियानो होता. त्याने मशीन दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि माग्दालेनात भिरकावलं. ते क्षणभर तरंगलं, मग गढूळ पाण्याने त्याला आत घेतलं. लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. तोंडावरच्या विधवेच्या काळ्या जाळीआडून पाण्यावरची वर्तुळं बघत असताना एव्हारिस्तोला पहिल्यांदा उमगलं, की आपण नदीत काय टाकलं. घरी आल्यावर येनिस एवढंच म्हणाली, "झगा काढून ठेव. चिखल लागलाय."

राखेच्या बुधवारी, रिवाजाप्रमाणे, लोकांनी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली, काहींनी अर्धवट पुसलेल्या ठिपक्यावरच. मिशीवाल्या विधवेचा टाहो आणि चौकातली लेतानी तोवर देशभर, पार चिलेतल्या फोनांवरही पोचली होती. राजधानीतही लोक ठिपके लावून दुकानांसमोर फिरायला लागले. मग शुक्रवारी टाल्मोरा झुकली. उमान्या पुन्हा टीव्हीवर आला, ह्या वेळी मफलर नव्हता. आपल्या कॅरिबियन कुटुंबाबद्दल कंपनीला नितांत आदर आहे, असं म्हणाला. ज्याचं मशीन बिघडलं असेल त्याला ठिपक्याचा रंग न बघता नवं मिळेल. फक्त जुनं मशीन, मागच्या नंबरासकट, आणून द्यायचं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते ह्याला. शनिवारी सगळी आळी खोकी मिरवत घरी यायला लागली. पायरीवर बसलेल्या एव्हारिस्तोला प्रत्येक जण थांबून मिठी मारायचा, तुझ्यामुळे मिळालं रे म्हणायचा, कुणी बियरची बाटली हातात द्यायचा. त्याच्या पायाशी बाटल्या जमल्या. फुल्हेन्सिओचा जावईसुद्धा खोकं घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "तुमचा पुतळा उभारायला पाहिजे, काका." एव्हारिस्तोने त्याला पुतळा कुठे उभारायचा ते सांगितलं, तेव्हा जावई जरा लगबगीने गेला.

सोमवारी तो कारोलकडे गेला. तिने नियम वाचला. मशीन नाही तर बदली नाही.

"अगं, मी ते नदीत टाकलं. साऱ्या देशाने बघितलं."

"त्यांनीही बघितलं काका," ती हळूच म्हणाली. "तीच तर अडचण आहे. तुमचं नाव वरून आलंय. तुमचं काम मी करायचं नाही, म्हणाले."

वरून म्हणजे काय ते दोन दिवसांनी कळलं. उमान्याचाच फोन आला. आपण, आपलं, आपल्याला, अशी साखरपेरणी करत त्याने एव्हारिस्तोच्या प्रतिभेचं कौतुक केलं. कंपनीत सगळे हसले म्हणाला, तोही हसला. आता लोकांना शेवट गोड हवा असतो. तेव्हा तीच विधवा, तोच झगा, तोच नदीकाठ. होसेलितो जिवंत होतो, विधवेच्या हातात नवं मशीन येतं, ती टाल्मोराच्या स्तुतीची लेतानी म्हणते आणि कोरस म्हणतो, 'टाल्मोरा घराघरात'. तेवढं चित्रण झालं की मशीन आपल्या घरी पोचेल. हवी असतील तर दोन.

"आणि नाही म्हटलं तर?" एव्हारिस्तोने विचारलं.

"तर नियम सगळ्यांना सारखे आहेत, साहेब. आपल्यालाच वेगळा कसा लावणार?"

एव्हारिस्तोचं डोकं असं फिरलं, की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण त्याने आपटला नाही. त्याने सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला. कारण रविवार पुन्हा तोंडावर आला होता, आणि त्याला ते मशीन हवं होतं. अभिमान वगैरे सगळं ठीक, पण पोरगा इंजिनाच्या झाकणावर येऊन बसेल अशी दुसरी गाडी त्याच्याकडे नव्हती. शनिवारभर तो कागद घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी स्तुती लिहिली. येनिसने विचारलं, काय लिहिलंस? त्याने कागद खिशात कोंबला.

रविवारी दुपारी तिने नेहमीप्रमाणे फोन त्याच्या हातात दिला आणि ती पायरीवर निघून गेली. फोन हातात धरून तो उभा राहिला. जेवलास? जेवलो. मग त्याने फोनचा आवाज मोठा केला, तो बंद टीव्हीच्या शेजारी, जिथे मशीन असायचं तिथे ठेवला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "ऐक. एक लेतानी लिहिलीय. विकायची आहे." उमान्याने काय मागितलं तेही त्याने सांगून टाकलं. पलीकडून दाइरो फक्त म्हणाला, म्हण बघू.

"टाल्मोरा आली मदतीला, मोठं मन हो कंपनीला, नवं यंत्र देई विधवेला…"

कोरसाची जागा आली. मग फोनमधून, उशीचा अभ्रा डोक्यावर घातलेल्या पोराच्या जुन्या सुरात, आवाज आला: "इथली हवा मानवत नाही!"

एव्हारिस्तोला हसू फुटलं. त्याने दुसरी ओळ म्हटली, तिच्यात उमान्याच्या दिलदारीचं वर्णन होतं. उत्तर तेच आलं. तिसरी म्हटली, उत्तर तेच. स्तुती जितकी गोड, तितकं उत्तर चपखल बसत होतं. हसता हसता त्याला ठसका लागला.

"आता उमान्याला काय सांगू?"

"सांग, लेतानी तयार आहे, पण कोरस मिळत नाही."

मग त्याने चौकातल्या सगळ्या म्हटल्या, मफलरची, पैशांची, अंगणाची, आणि दाइरोने एकही उत्तर चुकवलं नाही. त्या संपल्या तेव्हा एव्हारिस्तो थांबू शकला नाही. चालत्या गाडीत जुळवायचा तशी त्याने नवी जुळवली, डोळे समोरच्या काळ्या पडद्यावर.

"पोर गेलं वाळवंटी, दूरवर पाणी नाही, एकटं खाणीच्या काठी, कुणी विचारत नाही, कसं आहे पोरा तिथं, बापाला ठाऊक नाही…"

उत्तर आलं, कोरसाच्या सुरात नाही, साध्या आवाजात, "इथली हवा मानवत नाही, म्हाताऱ्या."

पोरगा बोलत राहिला. हवा इतकी कोरडी की सकाळी उशीवर नाकातलं रक्त असतं. धूळ छातीत बसते. खाणीचं कंत्राट नाताळाआधीच संपलं, तेव्हापासून गोदामात काम आहे, एका खोलीत चौघे झोपतात. स्वतःचं मशीन त्याने केव्हाच विकलं होतं. रविवारी तो एका मित्राच्या मशीनवर खेळायला जायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"इतके रविवार खेळलो," एव्हारिस्तो म्हणाला. "एकदा बोलला नाहीस."

"केव्हा बोलणार? तू सारखी गाडी भिंतीवर घालत होतास."

"मग ये की घरी."

"येऊन काय करू? काम आहे का तिथे?"

एव्हारिस्तोने खोटं बोलायचा विचार केला, पण समोर बघून बोलताना त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"काम नाही," तो म्हणाला. "हवा आहे."

दाइरो हसला की रडला ते कळलं नाही, पण फोन ठेवला नाही त्याने. बाहेर पायरीवर येनिसची कॉफी संपली, ऊन सरकून तिच्या पायांवर आलं, आणि ती वाट बघत बसली. त्या दिवशी फोन आईकडे आलाच नाही.